लिंबावर अडलेलं विमान

प्रिय सई आणि ओजस,

गेल्या रविवारी ओजसनं फोनवर त्याचं ड्रोन दाखवलं. ते बागेतल्या झाडांवरून भिरभिरत गेलं, परत आलं आणि मांजरासारखं त्याच्या पायाशी येऊन बसलं. मी कौतुक केलं. मग सईनं विचारलं, अंबरपेठच्या आजोबांकडे पण विमान होतं ना, ते कसं उडायचं? त्यावर तुमची आई चहा बघायला म्हणून उठली आणि फोन संपेपर्यंत परत आली नाही. तिनं ही गोष्ट तुम्हाला सांगितलेली नाही आणि सांगणारही नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तुमच्या बाबांना विचाराल तर ते लिंबाचा भाग हसून हसून सांगतील आणि बाकीचं गाळतील. अंबरपेठचे आजोबा स्वतः आता नाहीत. म्हणून मी लिहायला बसले आहे. सोपं लिहिते. एखादा शब्द अडला तर आईला विचारा. म्हणजे तिलाही वाचावं लागेल.

पहिल्यांदा एक गोष्ट स्वच्छ सांगते. हैदराबाद आणि सिकंदराबाद ही दोन्ही शहरं मिळून, चारचौघांत मान खाली घालायला लावणारा तुमच्या अंबरपेठच्या आजोबांसारखा दुसरा माणूस झाला नाही. तेही अत्यंत सभ्यपणे. त्यांचा आवाज कधी चढला नाही, कपडे नेहमी इस्त्रीचे, बोलणं अदबीचं. तरी त्यांच्याबरोबर घराबाहेर पडलं, की परत येईपर्यंत माझे कान एकदा तरी गरम व्हायचे. मी नारायणगुड्यात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. रस्त्यात भेटणारी प्रत्येक दुसरी बाई माझ्या कुठल्या ना कुठल्या विद्यार्थिनीची आई. चार लोकांत आपण कसे दिसतो याची मला फार काळजी. माझ्या घरात डाळीच्या डब्यांवरसुद्धा चिठ्ठ्या असतात, हे तुम्ही पाहिलेलं आहे. अशा बाईला देवानं हे व्याही दिले.

ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून हिंडून तराजू तपासायचे हे त्यांचं काम. मखमलीचं अस्तर लावलेली एक लाकडी पेटी त्यांच्याजवळ असे. तिच्यात पितळेची वजनं, मोठ्यापासून अगदी नखाएवढ्यापर्यंत. ती बोटांनी उचलायची नाहीत, चिमट्यानंच उचलायची, कारण बोटाचा घामसुद्धा वजनात धरावा लागतो असं ते सांगत. बाकीचे लोक संध्याकाळी कचेरी कचेरीत सोडून घरी येतात. हे ती बरोबर घेऊन यायचे. भाजी हातात घेतली की वजन, पुस्तक हातात घेतलं की वजन. साखरपुड्याचे पेढे घ्यायला आम्ही दोघं नारायणगुड्याच्या मिठाईवाल्याकडे गेलो, तर त्यांना दारात बघूनच दुकान गप्प झालं. मालक स्वतः गल्ल्यावरून उठून तराजूपाशी आला. आजोबा हळूच म्हणाले, "डबा काढून मोजा." त्यानं घाबरून डबा काढला आणि वर दोन पेढे जास्तीचे टाकले. यांनी ते दोन्ही उचलून परत ताटात ठेवले. "जास्त देणं पण चूकच आहे ना शेठ." मागे रांगेत माझ्या वर्गातल्या दोन मुलींच्या आया उभ्या होत्या. साखरपुड्याच्या पेढ्यांतले दोन पेढे परत करणारी माणसं त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावीत. मी त्या दुकानात पुढे कितीतरी दिवस गेले नाही.

पण मी पुढचं आधी सांगितलं. मुलगी बघायला गेलो होतो तिथून सुरुवात करायला हवी.

तुमचे बाबा नुकतेच अमेरिकेत नोकरीला लागले होते आणि थोड्या रजेवर आले होते. देशात तेव्हा नवे वारे वाहत होते. अॅबिड्सच्या दुकानांतून जे पूर्वी चोरून मिळायचं, ते काचेत मांडून विकायला लागले होते. ज्याच्या त्याच्या घरात कुणी ना कुणी कॉम्प्युटर शिकत होतं. मी, तुमचे आबा, तुमचे बाबा आणि मुद्दाम पुण्याहून आलेल्या माझ्या नणंदबाई, म्हणजे तुमची आत्याआजी, असे आम्ही अंबरपेठला त्यांच्या घरी गेलो. दार उघडताच नखांना लावायच्या रंगासारखा भपकन वास आला. बैठकीच्या खोलीत कपडे वाळत घालायच्या दोरीवर, आमच्या डोक्याच्या अगदी वर, एक पंख टांगलेला होता. लाकडाच्या बारीक पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर पतंगाचा गुलाबी आणि हिरवा कागद, आणि कागद ताणून बसावा म्हणून त्यावर ते वासाचं द्रव्य. ते अजून ओलं होतं. आजोबांनी आम्हाला "या, बसा" म्हणायच्या आधी "मान जरा खाली ठेवा" असं सांगितलं. लाज म्हणतात ती तिथपासून सुरू झाली.

वन्सं खुर्चीकडे वळल्या, तसे ते लगबगीनं पुढे आले. "ताई, त्या खुर्चीवर नक्को. तिला एवढा भार झेपणार नाही. दिवाणावर बसा." त्यांच्या दृष्टीनं ही केवळ माहिती होती. वन्सं पदर आवरून दिवाणावर बसल्या. मग त्यांनी विचारलं, मुलीला काय काय येतं? कुठलाही बाप सांगतो, स्वयंपाक येतो, गाणं येतं, एम.ए. झाली आहे. तुमची आई खरंच एम.ए. होती. हे म्हणाले, "बाल्साचं लाकूड कापते तर धार केसभर हलत नाही. गोंद लावते तो सुईच्या टोकाएवढा, एक थेंब जास्त नाही." तुमची आई पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी होती. तिचे कान मला तिथून लाल दिसले. मुलीची आणि माझी पहिली ओळख ही अशी कानांवरून झाली.

आता नीट वाचा, कारण तुम्हाला तिकडे हे समजायचं नाही. आपल्याकडे मुलीच्या बापानं मुलाकडच्यांकडे काहीही मागायचं नसतं. साधं पाणीसुद्धा तो मुलीच्या सासरी मागताना संकोचतो. मागायचं असलंच तर मुलाकडच्यांनी, आणि तेही चांगली माणसं मागत नाहीत. आणि हे गृहस्थ पोहे संपायच्या आत तुमच्या बाबांकडे सरकून बसले आणि म्हणाले, "तिकडे लहान विमानाची विजेची मोटर मिळते म्हणे. परत याल तेव्हा एक आणाल? आणि तिच्या बॅटऱ्या. आणि रेडिओचा संच, हातातला आणि विमानातला, दोन्ही. लग्न ठरलं तर, हौ. नाही ठरलं तरी आणा. पैसे मी देईन."  वरून पंखाचा एक थेंब आबांच्या टोपीवर पडला. तुमची आई फक्त एवढंच म्हणाली, "बाबा, पुरे." आणि आत गेली.

तुमच्या बाबांना मात्र कुणीतरी अंगणात बोलावून चेंडू हातात दिल्यासारखा आनंद झाला. मोटर केवढी, पंखाचा पसारा केवढा, अशी दोघांची चर्चा सुरू झाली आणि मुलगी बघायचा कार्यक्रम आहे हे दोघंही विसरले. वन्सं परत निघाल्या त्या हीच बातमी घेऊन. मुलीकडच्यांनी मोटर मागितली, असं त्यांनी पुण्यात सांगितलं. सदाशिव पेठेत पोचेपर्यंत त्या मोटरीला चार चाकं लागली होती. मला नातेवाइकांचे फोन यायला लागले.

दोन दिवसांनी आजोबा एकटेच नारायणगुड्याला आमच्याकडे आले. दारातच उभे राहिले, आत येईनात. मुलीनं घरी चांगलंच सुनावलं असावं. म्हणाले, "बाई, मागायला नव्हतं पायजे. तुम्ही नाही म्हणा, मी विषय काढणार नाही." मी शिकवायच्या आवाजात म्हटलं, तसं काही नाही, आत या. ते आत आले, पाणी नको म्हणाले, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते सांगण्यासाठीच मी हे पत्र लिहिते आहे.

तुमची आई पहिली-दुसरीत असताना त्यांनी सिकंदराबादेत, छावणीजवळच्या एका दुकानातून विमानाचं खोकं आणलं होतं. आत पातळ बाल्साचे तुकडे, नकाशा आणि झाकणावर निळ्या आकाशातल्या विमानाचं चित्र. ते विमान तेलाच्या छोट्या इंजिनावर उडायचं. तसलं इंजिन तेव्हा बाहेरून आणायचं तर परवाना लागे. त्यांनी छावणीतल्या कुणाकडून एक वापरलेलं मिळवलं आणि विमान बांधलं. मुलीनं वर्गात सांगून टाकलं, माझ्या बाबांचं विमान उडणार आहे. सगळा वर्ग मैदानावर आला, बाई आल्या. इंजिन सुरू होईना. हे वाकून बोटानं पंखा फिरवत राहिले, फिरवत राहिले. मुली उन्हात उभ्या. शेवटी पंख्याचा फटका बसून बोट फाटलं, रक्त आलं, आणि बाई मुलींना रांगेनं परत घेऊन गेल्या. "ती रडली नाही," ते म्हणाले. "घरी येऊन मला हळद लावली. त्यानंतर विमानाचा शब्द तिनं काढला नाही. एकदा पण नाही. आता लाकूड कापून देते, पण उडेल का म्हणून विचारत नाही. रडली असती तर बरं होतं, बाई." इंजिन त्यांनी परत केलं. विमान पात्यानं सांध्यासांध्यांतून सोडवलं आणि सगळे तुकडे खोक्यात जसे होते तसे ठेवून खोकं कपाटावर चढवलं. आता काळ बदलला होता. विजेच्या मोटरीवर विमानं उडतात असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं. "तिला सुरू करावं लागत नाही. बटण दाबलं की फिरते. ती तिकडं जायच्या आत एकदा उडालं पायजे. बस."

मी म्हटलं, आणायला सांगते. मनातून मात्र मला वन्संचीच धास्ती होती.

तुमच्या बाबांनी लग्नाला येताना सगळं आणलं. मुंबईच्या विमानतळावर कस्टमवाल्यांनी बॅग उघडली, तर नवरदेवाच्या शेरवानीखाली तारा, बॅटऱ्या आणि लांब अँटेना असलेली पेटी. हे काय आहे म्हणून विचारलं, तर हा म्हणाला, सासऱ्यांचा आहेर. त्यांनी बराच वेळ बसवून ठेवलं. आणि इकडे अंबरपेठला नवीनच पंचाईत झाली. मोटर जड, बॅटऱ्या तर तिच्याहून जड. तेलाच्या इंजिनासाठी आखलेल्या विमानात हे बसवायचं, म्हणजे बाकीचं सगळं हलकं करावं लागणार. मग लग्नाच्या घरात वजन कमी करण्याचा यज्ञ सुरू झाला. तराजू जेवणाच्या टेबलावर. लाकडाच्या प्रत्येक पट्टीला भोकं पाडायची आणि निघालेला भुसा तोलायचा. खोक्यात आलेली चाकं जड म्हणून बाद. तुमच्या अंबरपेठच्या आजींच्या नव्या हवाई चपलांतली एक चप्पल कापून तिच्या रबराची चाकं केली. आजींनी दुसरी चप्पल दाखवून विचारलं, आता ह्या एकटीचं मी काय करू? तर तीही हे घेऊन गेले.

त्या दुसऱ्या चपलेचं काय झालं, हे मला दुर्दैवानं सगळ्या गल्लीबरोबर बघावं लागलं. विमान आपल्यापासून लांब जाताना डावी कळ दाबली की ते डावीकडे वळतं. पण ते आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं, की तीच कळ आपल्याला उलटी दिसते. शिकाऊ माणसाचं विमान तिथंच पडतं. यांनी तर आयुष्यात कधी उडवलेलंच नव्हतं. म्हणून सरावासाठी ते उजव्या हातात चप्पल उंच धरून गल्लीतून चालायचे. चप्पल एकदा पुढे तोंड करून, एकदा स्वतःकडे तोंड करून, आणि डाव्या हाताचा अंगठा हवेत हलवत. मी लग्नाची साडी द्यायला आमच्या हेडमिस्ट्रेसबाईंबरोबर रिक्षातून उतरले, तेव्हा ते मागच्या मागे पावलं टाकत, चपलेकडे टक लावून आमच्याच दिशेनं येत होते. बाईंनी हळूच विचारलं, कोण हो हे? मी म्हटलं, असतील कुणीतरी. तेवढ्यात ते वळले, चप्पल छातीशी धरून नमस्कार केला आणि म्हणाले, "या विहीणबाई."

लग्नाचं बाकी फार सांगत नाही. पाठवणीचं तेवढं सांगते. बॅटऱ्या भरायला मोटारगाडीची बॅटरी लागते. त्यांच्याकडे गाडी नव्हती. मंगल कार्यालयाच्या मागे नवरानवरीसाठी सजवलेली भाड्याची गाडी उभी होती. अक्षता पडत असताना मुलीचे बाप वारंवार मागे का जात होते, हे मला तेव्हा कळलं नाही. वाटलं, भरून येत असेल. पाठवणीच्या वेळी सगळे रडले, नवरीनवरदेव गाडीत बसले, वन्संही आत बसल्या, आणि गाडी सुरू होईना. शेवटी वरातीनंच ती ढकलली. आबा एका बाजूनं, मी माझ्या शालूत दुसऱ्या बाजूनं, आणि मागे दोन्ही हात टेकून स्वतः मुलीचा बाप. गाडी हलली तसे ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पण आपल्या बॅटऱ्या पूर्ण भरल्या." आपल्या म्हणाले. मी इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही.

तुमच्या आईबाबांचं तिकीट पुढच्याच आठवड्याचं होतं. जायच्या आधीच्या रविवारी आजोबांनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि जेवणाआधी मुसी नदीच्या बाजूच्या मोकळ्या मैदानात नेलं. मैदानाच्या कडेला धोब्यांच्या दोऱ्या होत्या, त्यांवर चादरी वाळत होत्या. तुमची आई मी दिलेल्या पैठणीत होती, हातात हिरवा चुडा. ती सगळ्यांच्या मागे, पदर आवळून, पायाकडे बघत उभी होती. विमान समोर ठेवलेलं. गुलाबी-हिरवं, चपलेच्या चाकांवर, उचललं तर हातात काही आहे असं वाटू नये इतकं हलकं. मला वाटलं, आता बटण दाबतील.

पण आजींनी पिशवीतून हळदकुंकू आणि नारळ काढला. मग दोन लिंबं.

इथं हैदराबादेत नवं वाहन लिंबं चिरडल्याशिवाय रस्त्यावर येत नाही. सायकलसुद्धा नाही. आजी म्हणाल्या, वाहन आहे ते. आजोबांनी हार साफ नाकारला, झेंडूची एक पाकळी कबूल केली. पंखावर कुंकवाचं बोट लावलं, त्यावर फुंकर मारून जास्तीचं उडवलं. पण लिंबांना नाही म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही, कारण आजी म्हणाल्या, "पोरगी चार दिवसांनी विमानात बसणार, आणि तुम्ही विमानाची लिंबं काढता?"  त्यांनी दोन्ही लिंबं तळहातावर तोलली, पिशवीत हात घालून त्यांहून लहान दोन शोधली आणि चाकांपुढे ठेवली.

बटण दाबलं. मोटर खरंच पहिल्या झटक्यात फिरली. पंखा गुणगुणला, गवत मागे झोपलं, विमान थरथरलं आणि लिंबाला टेकून उभं राहिलं. चाकं हवाई चपलेची. लिंबं अंबरपेठच्या बाजारातली, कडक. विमान जितकं हलकं करता येईल तितकं केलेलं. ज्या माणसानं भुसासुद्धा तोलला, त्याच्या लक्षात एवढं आलं नव्हतं, की लिंबू चिरडायला वजन लागतं.

लोक जमले. प्रत्येकानं सल्ला दिला. आबा म्हणाले, मागून ढकला. वन्सं म्हणाल्या, लग्नातल्या गाडीसारखं का? एका रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवून विचारलं, "क्या चच्चा, जहाज निंबू पे अटक गया? धक्का मारूँ क्या?" सगळे हसले. मी छत्री पुढे धरली. आजोबा बटण बंद करायचे, चालू करायचे, आणि दर वेळी मोटरीचा आवाज थोडा खाली येत होता, कारण त्या बॅटऱ्या टिकतात ते चहाला उकळी येईपर्यंत. ते विमानासमोर वाकले. दुसऱ्यांदा वाकले. त्यांच्या मानेवर ऊन होतं, सभोवती माणसं उभी होती, आणि ते बोटानं पंख्याला हात लावायला गेले.

तेव्हा माझ्या शेजारून पैठणी सरसरत पुढे गेली. तुमच्या आईनं चप्पल काढली, अनवाणी टाच लिंबावर ठेवली आणि चिरडली. मग दुसरं. रस तिच्या पैंजणांवर उडाला. ती आजींकडे वळून म्हणाली, "झालं. चिरडली. आता काही राहिलं आई?"  मग तिनं पैठणीच्या पदरानं दोन्ही चाकं पुसली. वन्संनी डोळे मिटले, त्या पदरासाठी. आणि ती वडिलांना म्हणाली, "उठा बाबा. जमिनीवरून नको. मी हातानं सोडते. तुम्ही फक्त वर बघा."

ते उठले. रेडिओची पेटी हातात धरली. "जोरात नक्को," ते म्हणाले. "सपाट सोड. नाक जरासं खाली."

नवी नवरी, निऱ्या एका हातात गोळा केलेल्या, दुसऱ्या हातात विमान डोक्यावर धरून मैदानातून धावत सुटली. नारायणगुड्यातल्या माझ्या ओळखीचं कुणी तिथं नाही ना, हे मी छत्रीआडून पाहून घेतलं. तिनं हात सोडला. विमान आधी बुडालं, गवताला टेकेलसं वाटलं, आणि मग त्याला आपण किती हलके आहोत हे आठवल्यासारखं वर गेलं. चादरींच्या वरून, तारेच्या वरून. उन्हात पंखाच्या कागदातून पलीकडचं आकाश गुलाबी दिसत होतं. कुणी हसलं नाही. ते लांब गेलं, कलंडत वळलं आणि सरळ आमच्याकडे तोंड करून यायला लागलं. मी त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा उलट्या बाजूला गेला, बरोबर तिथंच, चपलेनं शिकवल्याप्रमाणे. विमान आमच्या डोक्यांवरून गेलं. रिक्षावाल्यानं टोपी काढली. आणखी एक वळण घेता घेता मोटर थांबली. ते आवाज न करता खाली खाली आलं आणि धोब्याच्या ओल्या चादरीत शिरून बसलं. उजवा पंख मोडला.

आजोबा जिथं होते तिथंच जमिनीवर बसले, इस्त्रीच्या पँटनिशी. तुमची आई धावत आली आणि समोर उकिडवी बसली. पायांना लिंबू, चिखल. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "आता सांग शाळेत."

ती हसायला गेली आणि ते जमलं नाही. तिनं त्यांचा हात घेतला. ज्या बोटावर जुनी खूण होती, त्या बोटाला धरून ती तशीच बसून राहिली. आणि मी, जिला एवढा वेळ छत्री कुठल्या बाजूला धरावी कळत नव्हतं, ती तिथून हलायला तयार नव्हते. आबांनी जेवायला चला म्हणून दोनदा सांगितलं.

बेगमपेठच्या विमानतळावर त्यांनी मला शेवटचं लाजवलं, असं मला तेव्हा वाटलं होतं. मुलीची बॅग काट्यावर ठेवायच्या आधी त्यांनी ती हातानं उचलली आणि काउंटरवरच्या पोरीला वजन सांगितलं. काट्यानंही तेच दाखवलं. ते तिला म्हणाले, "तुमचा काटा बरोबर आहे." मागे मोठी रांग होती. मी दिव्यांच्या पाटीवरची विमानांची नावं वाचू लागले, जणू यांच्याशी माझा काही संबंध नाही. तुमची आई मात्र त्या पोरीला सांगत होती, "हे माझे बाबा." तिचे कान लाल नव्हते.

विमान त्यांनी परत जोडलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, उडालं की. रेडिओची पेटी तुमच्या बाबांना परत दिली, तिचं पुढे काय झालं ते त्यांनाच विचारा. धडाचे तुकडे आजींच्या चुलीत गेले. तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षं ते दर दिवाळीला यायचे, माझ्या फराळाचा डबा हातात घेऊन तोलायचे आणि शेजारपाजारच्या बायकांसमोर सांगायचे, गेल्या वर्षीपेक्षा कमी आहे. आता मिठाईवाल्याकडे जाते तेव्हा तो डब्यासकट मोजतो. मी काही म्हणत नाही. माझे कान गार असतात.

त्यांनी एकदा वर्तमानपत्रात गुंडाळून एक वस्तू माझ्याकडे आणून दिली होती. म्हणाले, "तुमच्याकडे वस्तू जागच्या जागी राहतात, विहीणबाई." तो डावा पंख आहे. अजून माझ्या कपाटावर आहे. गुलाबी रंग विटला आहे, हिरवा बरा आहे, आणि कुंकवाचा ठिपका दिसतो.